बेडकीचा पिकअप

४ मे, शनिवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंद ठेवावी, म्हणजे यश आल्यावर ते कसं आलं हे आठवत बसावं लागत नाही.
बेडकी आज माझ्या गराजमध्ये आली. '७१ ची नोवा, दोन दारांची, आठ सिलिंडर, हिरवी. नाव ट्वायलानं ठेवलेलं. ट्वायला माझी थोरली बहीण, वय सदुसष्ट. स्वतःच्या वहीत स्वतःच्याच बहिणीची ओळख करून देतोय, पण नोंद म्हटली की नीट हवी. गाडी अकरा वर्षं तिच्या कोठारात ताडपत्रीखाली होती. चारी टायर बसलेले. एअर फिल्टरमध्ये उंदरांचा संसार.
ठराव: १४ सप्टेंबरला ग्रोव्हरटनच्या पट्टीवर जुन्या गाड्यांचा दिवस आहे. पाव मैल सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी, हिरवा दिवा लागला की सुटायचं. १९७८ साली ट्वायलानं तिथं याच बेडकीत १५.२ सेकंदांची वेळ नोंदवली होती. यंदा चौदा. आणि स्टिअरिंगवर ट्वायलाच. अर्ज तिच्या नावानं पाठवूनही दिला.
तिच्या फुप्फुसांबद्दल डॉक्टर म्हणाले, "आता महिन्यांचा प्रश्न आहे." महिने. अनेकवचन. बारा महिने हेसुद्धा महिनेच.

६ मे, सोमवार.
ट्वायलानं कामांची यादी दिली. बिलाच्या पाकिटामागे, पेन्सिलनं. प्लग आणि वायरी. टायमिंग. ब्रेक. बरे टायर. लहान चार नळ्यांचा कार्बोरेटर. मागच्या डिफरन्शियलचे गिअर बदलणे. "एवढ्यात पिकअप येतो, आणि खिसाही फाटत नाही," म्हणाली. खाली दोन रेघा ओढून लिहिलंय: कॅमशाफ्टला हात लावू नकोस, बावळटा.
शिवाय म्हणाली, "खरं तर नुसते प्लग बदल आणि जूनमध्ये घेऊन ये. टिप्टनला जाऊ, कस्टर्ड खाऊ." औषधांमुळे माणसाची जिद्द कमी होते असं वाचलं होतं. ते खरं दिसतं.
यादी चांगली आहे. मी ती उलट्या क्रमानं करणार. शेवटचं कलम धरून.

१२ मे, रविवार.
कोकोमोच्या जुन्या सामानाच्या बाजारात कॅमशाफ्ट मिळाला, इंजिनाच्या झडपा उघडतो तो दांडा. रेसचा. जवळजवळ नवा. विकणाऱ्या दाढीवाल्यानं शपथेवर सांगितलं.
येताना हर्शेलला दाखवला. हर्शेल बोन, गावात त्याचं लेथचं दुकान आहे, पन्नास वर्षं लोकांची इंजिनं उघडतोय. त्यानं कॅम हातात फिरवला आणि म्हणाला, "लोवेल, तुझ्या इंजिनात एवढं कॉम्प्रेशनच नाही. खालचा सगळा दम जाईल. व्हॅक्यूम जाईल, व्हॅक्यूम गेला की ब्रेकचा बूस्टर गेला. ट्वायलाला विचारलंस?"
हर्शेल अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. त्याच्या काळात असे कॅम नव्हते. मत्सर समजू शकतो.

१९ मे, रविवार.
वजन! सगळ्यांत स्वस्त सुधारणा म्हणजे वजन कमी करणं, आणि ती कुणालाच सुचत नाही. मागची सीट काढली. हीटर काढला. स्टेपनी काढली. ड्रायव्हरच्या शेजारची सीट काढली. रेसमध्ये शेजारी कोण बसतंय? ती त्याच दाढीवाल्याला देऊन त्याच्याकडून थोरला कार्बोरेटर घेतला. यादीत लहान लिहिलंय, पण लहान लिहिण्यामागे काटकसर असणार. मी काटकसर करून मोठा मिळवला.
एक दिवस, दोन सुधारणा. या वेगानं जुलैतच चौदा येईल.

२७ मे, सोमवार. मेमोरियल डे.
आईच्या आणि बाबांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला ट्वायलाबरोबर गेलो. तिच्या व्हॅनमधून. चालताना तीनदा थांबली. उन्हामुळे.
तिनं विचारलं, "बेडकी सुरू झाली का?" म्हणालो, तीन आठवडे. इंजिनाचं डोकं बाकड्यावर आहे, पोटातलं सामान बादलीत, हे सांगितलं नाही. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचाय.
आई गेली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, ट्वायला अठराची. ती बाटल्यांच्या कारखान्यात लागली, आणि पुढे पगारातून ही गाडी घेतली. '७९ मध्ये तिनं रेस सोडली. मी सगळ्यांना सांगत आलोय की तिचं मन उडालं. त्याच वर्षी माझा पाय तीन ठिकाणी मोडला होता आणि हॉस्पिटलवाल्यांनी घरी बिलांची पत्रं पाठवायला सुरुवात केली होती. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. असता तर बोलली असती.

९ जून, रविवार.
आनंदाची बातमी. ट्वायलाची केमो बंद केली. गरज उरली नसणार.
शाळेला सुट्टी लागली. मी स्कूलबस चालवतो, म्हणजे आता अडीच महिने पूर्ण वेळ बेडकीला. उद्यापासून सकाळी सहाला उठणार.

१० जून.
नऊला उठलो. पण ताजातवाना होतो.

१५ जून, शनिवार.
ट्वायलाचा पलंग वरून खाली बैठकीत आणलाय, खिडकीपाशी. छान उजेड येतो. पॅट्रिस नावाची नर्स आता रोज घरी येते. रोज! घरपोच! अशी सोय ज्यांच्यावर डॉक्टरांचा विश्वास असतो त्यांनाच मिळत असणार. नाकात प्राणवायूची नळी आहे. रेसच्या आधी खेळाडूही घेतात.
पॅट्रिस मला दाराशी म्हणाली, "मिस्टर केसलर, तुम्हाला बोलायचंय का कुणाशी?" मी म्हणालो, कार्बोरेटरमधलं कुणी ओळखीचं आहे का?
ती मान हलवून आत गेली. नसावं.

२२ जून, शनिवार. दुपारी चार.
सुरू झाली!!
आवाज असा की समोरच्या घरातला कुत्रा सोफ्याखाली गेला, तो अजून बाहेर आलेला नाही. मोकळ्या सायलेन्सरमधून ढब-ढब-ढब. गाडी उभ्या जागी थरथरते, जणू सुटायची घाई झालीय.
लगेच गल्लीत काढली. पिकअपबद्दल: पेडल दाबलं की ती आधी खोकते, मग विचार करते, मग निघते. तीस मैलांच्या पुढे बरी. ब्रेकबद्दल: दोन्ही पाय लावावे लागतात. तरीही शेजारच्या मिसेस एबरहार्टच्या पत्रपेटीपाशी थांबण्याऐवजी पत्रपेटीवर थांबलो. पत्रपेटी तशीही वाकडीच होती.
हर्शेल चालत आला. पत्रपेटीचा वाकडा खांब बघितला, मला बघितलं. "व्हॅक्यूम," एवढंच म्हणाला आणि गेला. काही माणसांना दुसऱ्याचं यश पचत नाही.

४ जुलै, गुरुवार.
ट्वायलाकडे. पॅट्रिसनं मक्याची कणसं उकडली होती. ट्वायलानं एक घेतलं, हातात धरून बसली. भूक राखून ठेवतेय.
म्हणाली, "काय वेळ देते बेडकी?" मी म्हणालो, चौदाच्या आसपास.
"मागे कुठले गिअर घातलेस?"
"तीन त्र्याहत्तर."
मागे अजून कारखान्यातून आलेलेच गिअर आहेत. डिफरन्शियलचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही.
ती एकदम हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता हसू, पॅट्रिस धावत आली. सगळं शांत झाल्यावर ट्वायला म्हणाली, "सातवीत असताना गणितात पास झालो असं सांगायला असंच तोंड करून आला होतास."
मी विषय बदलला. प्रकृती एकूण उत्तम. एवढं हसता येणं म्हणजे फुप्फुसं सुधारताहेत.

१८ जुलै, गुरुवार. सकाळी अकरा.
नीट लिहितो.
गराजमध्ये होतो, कार्बोरेटर सहाव्यांदा उघडलेला. बाहेर व्हॅन थांबली. पॅट्रिसनं ट्वायलाला चाकांच्या खुर्चीतून आणलं, मांडीवर प्राणवायूची टाकी. आधी फोन नाही, काही नाही. तिच्या अंगावर '७८ मधलं जॅकेट होतं. तेव्हा तिला ते खांद्यात तंग व्हायचं.
म्हणाली, "चल. टिप्टन. कस्टर्ड माझ्याकडून, तू गाडी आण." तिची जुनी गंमत.
मी म्हणालो, आज नाही, जरा कार्बोरेटरचे जेट बदलायचेत. ती म्हणाली, "सुरू तर कर."
पाच मिनिटांत कार्बोरेटर जोडला. सुरू केली. ढब-ढब-ढब. तिनं डोळे मिटले. तीन सेकंदही झाले नसतील.
"कॅम बदललास."
मी म्हणालो, नाही गं, प्लग जरा—
"लोवेल."
म्हणालो, हो.
पॅट्रिसनं खुर्ची दारापाशी आणली. ट्वायलानं आत वाकून पाहिलं. "शेजारची सीट कुठंय?"
"वजन कमी करायला काढली."
"किती कमी झालं?"
"चाळीस पौंड."
"मी एप्रिलपासून पन्नास उतरवलेत," ती म्हणाली. "मला विचारायचंस. सीट राहिली असती तरी फायदाच होता."
पॅट्रिस भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.
मी म्हणालो, पण तुला शेजारी कशाला बसायचंय, तू चालवणार आहेस ना, अर्ज तुझ्या नावाचा आहे, सप्टेंबरमध्ये—
"अरे शहाण्या," ती म्हणाली. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. "मी जन्मभर चालवलं. कारखान्यात जाताना, तुला शाळेत सोडताना, आईला दवाखान्यात नेताना. मला रेस नव्हती करायची रे. मला एकदा शेजारी बसायचं होतं. खिडकी खाली करून, कोपर बाहेर काढून. बाकीच्यांना कसं वाटतं ते बघायचं होतं."
मग तिला ड्रायव्हरच्याच सीटवर बसवलं, कारण दुसरी नव्हती. हात स्टिअरिंगवर ठेवून बसली. पॅट्रिस म्हणाली, औषधं चालू आहेत, गाडी हलवायची नाही. गराजची दोन्ही दारं उघडी ठेवली. बारा मिनिटं बसली. मग म्हणाली, "दमले."
ठराव: सीट.

२० जुलै, शनिवार.
कोकोमो. दाढीवाल्यानं सीट आपल्या ओसरीवर खुर्ची म्हणून ठेवलीय आणि तिच्यावर त्याची सासू बसते. सासू उठायला तयार नव्हती. थोरला कार्बोरेटर परत दिला, वर माझा चांगला जॅक दिला. तेव्हा ती उठली.
सीट मिळाली. घडीत बिस्किटांचा चुरा.

२१ जुलै.
हर्शेलकडे गेलो. ट्वायलाचं पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं चष्मा लावून सगळं वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत.
म्हणाला, "हे मेमध्ये आणलं असतंस तर एका आठवड्याचं काम होतं."
 त्यानं दुकानाच्या दारावर 'बंद' अशी पाटी लावली आणि टोपी घातली.

३ ऑगस्ट, शनिवार.
जुना कॅम परत बसला. कार्बोरेटर लहान, यादीत आहे तसा. प्लग, वायरी, टायमिंग. ब्रेक लागतात. नुसत्या बोटांनी दाबलं तरी लागतात. डिफरन्शियलच्या गिअरची वाट बघतोय, येताहेत.
ट्वायला बरीचशी झोपते. विश्रांती महत्त्वाची. आज मला बाबांच्या नावानं हाक मारली. आमचा आवाज सारखाच आहे, असं सगळे म्हणायचे.

१९ ऑगस्ट, सोमवार. दुपारी दोन.
झालं.
मागचे गिअर बसले. मक्याच्या शेतांमधल्या रस्त्यानं एक फेरी मारली. पेडलला पाय लावला आणि बेडकीनं उडी मारली. खोकला नाही, थरथर नाही. एवढ्याशा बदलांत. हर्शेल शेजारच्या सीटवर होता, टोपी हातात धरून. म्हणाला, "तुझी बहीण हुशार आहे."
पॅट्रिसला फोन केला. ती म्हणाली, "आजच या, मिस्टर केसलर."
पण एक अडचण आहे. गिअर बदलल्यामुळे स्पीडोमीटर चुकीचा दाखवतो. पंचावन्नला सत्तर. ट्वायलाच्या पहिल्या मिनिटात लक्षात येईल आणि मग वाटभर ऐकवत बसेल. केबलच्या टोकाचा छोटा प्लॅस्टिकचा गिअर मागवलाय, दोन दिवसांत येतो. पॅट्रिसला म्हणालो, बुधवारी नक्की.
ती म्हणाली, "मिस्टर केसलर, स्पीडोमीटर राहू द्या."
कामात अर्धवटपणा मला चालत नाही.

२१ ऑगस्ट, बुधवार.
गिअर आला नाही. गाडी धुतली. पॉलिश केली. काचा आतून पुसल्या. पुन्हा पॉलिश केली. पॅट्रिसचे दोन फोन येऊन गेले; हाताला पॉलिश होतं, उचलता आला नाही.
सगळी तयारी झाली. उद्या.

२२ ऑगस्ट, गुरुवार.
सकाळी नऊला गेलो. स्पीडोमीटर तसाच.
पॅट्रिस दारात उभी होती. म्हणाली, आता तिला उचलता येणार नाही. मी म्हणालो, सीट बसवलीय. ती म्हणाली, "ठाऊक आहे."
ट्वायला पलंगावर अगदी छोटी दिसत होती. मी तिच्या कानाशी सांगितलं, बेडकी आणलीय, शेजारची सीट आहे, खिडकी खाली होते. डोळे उघडले नाहीत. मग मला सुचलं म्हणून गाडी हिरवळीवरून थेट खिडकीखाली आणली, सुरू ठेवली, आत येऊन खिडकी उघडली. हर्शेलनं लावलेलं टायमिंग. एकसारखा आवाज, शिवणयंत्रासारखा.
बराच वेळ काही नाही. मग तिचे ओठ हलले. वाकलो.
"आयडल जास्त आहे," ती म्हणाली. "किंचित कमी कर."
पॅट्रिस रडत होती, मी हसत होतो. म्हणालो, करतो, आत्ता करतो. स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर पळालो. बॉनेट उघडलं. गाडी उभी असताना इंजिन किती जोरात फिरतं ते लावायचा स्क्रू, पाव फेरा. ऐकलं. जरा जास्त कमी झाला. थोडा परत. ऐकलं. खरोखरच आता मघापेक्षा चांगला होता. हर्शेललाही समजलं नसतं ते तिला पलंगावरून समजलं. अजून केसभर. मला तो अगदी बरोबर लावायचा होता.
आत गेलो तेव्हा पॅट्रिस उभी होती आणि तिनं प्राणवायू बंद केला होता.
बाहेर गाडी चालूच होती. ती बंद करायला कुणीच गेलं नाही. पेट्रोल संपलं तेव्हा थांबली.

२६ ऑगस्ट, सोमवार.
झालं सगळं. चर्चमधल्या बायकांनी नूडल्स आणि बटाटे आणले होते. खूप माणसं आली. कारखान्यातल्या म्हाताऱ्या बायका आल्या होत्या. एकीनं सांगितलं, '७९ मध्ये ट्वायलानं गाडीचं रेसचं इंजिन विकलं, कुणाच्या तरी पायाच्या ऑपरेशनसाठी, आणि भंगारातलं साधं घातलं.
मी म्हणालो, हो, मला माहीत होतं.
माहीत नव्हतं. किंवा होतं.

१४ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळी सहा.
जाणार नव्हतो. हर्शेल सकाळी आला, टोपी घालून शेजारच्या सीटवर बसला आणि समोर बघत राहिला. म्हणून गेलो.
ग्रोव्हरटन. ऊन होतं. साधारण साठ गाड्या. शेजारच्या पट्टीवर भाजी आणायला न्यायची असते तसली चार दारांची साधी जपानी गाडी घेऊन एक बाई आल्या होत्या. मागच्या काचेत लहान बाळाची सीट. हिरवा दिवा लागला. मी पेडल पूर्ण दाबलं, मागची चाकं जागच्या जागी फिरली, धूर झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यात त्या बाई गेल्या. माझी वेळ १५.९. त्यांची १४.८.
हर्शेल म्हणाला, गाडीत काही दोष नाही.
परत येताना टेबलाशी वेळेचा कागद घ्यायला थांबलो. तिथला माणूस तरुण होता, गळ्यात शिट्टी. यादी बघून म्हणाला, "इथं ड्रायव्हर ट्वायला केसलर लिहिलंय."
म्हणालो, माझी बहीण. तिला यायला जमलं नाही.
त्यानं कागद फाडून दिला. "काही हरकत नाही. पुढच्या वर्षी घेऊन या त्यांना."
आणतो, म्हणालो.
तो अनोळखी होता हे बरं झालं. हर्शेल गाडीत बसला होता, त्याला ऐकू गेलं नसावं. सबंध वाटेत त्यानं खिडकी खाली केली होती. मी पंचावन्ननं चालवत होतो. काट्यावर सत्तर दिसत होते.